भिवराला सांगायचं राहिलंय

४ डिसेंबर

भिवराला आज बीडच्या दवाखान्यातून घरी आणलं. तिथं वाचा शिकवणाऱ्या तेजश्री मॅडम आहेत. निघताना त्या म्हणाल्या, आजी रोज काय बोलतात ते लिहून ठेवा, पुढच्या खेपेला मला दाखवा. मी केजच्या स्टँडवर कंट्रोलर होतो. कोणती गाडी आली, कोणती आली नाही, हे लिहिण्यातच नोकरी संपली, त्यामुळं लिहिण्याचं ओझं वाटत नाही. मॅडमना दाखवायचं ते वेगळ्या कागदावर लिहीन. हे माझ्यापुरतं.

आजचं बोलणं: ‘बग की.’

कालचंही तेच. झटक्यानं उजवा हात-पाय लुळा पडला, सगळं बोलणं गेलं आणि हे दोन शब्द राहिले. पाणी पाहिजे, बग की. पाणी नको, बग की. डॉक्टर म्हणाले, याला वाचाघात म्हणतात. जीभ चांगली आहे, मेंदूत जिथून शब्द येतात ती जागा दुखावली आहे.

गाडी दारात थांबली तेव्हा आमची सून मंगल भाकरतुकडा घेऊन उंबऱ्यात उभी होती. कपाळाला टिकली, गळ्यात मंगळसूत्र. माझी चुलत भावजय बायनाबाई शेजारीच राहते. तिनं आज सकाळी मंगलला ते परत घालायला लावलं. मंगलच्या नवऱ्याला, आमच्या अजिनाथला, जाऊन अजून महिना झालेला नाही.

६ डिसेंबर

एकदा नीट लिहून ठेवतो, म्हणजे काय सांगायचं आणि काय नाही यात माझा घोळ होणार नाही.

भिवरा दवाखान्यात होती तेव्हा आमचा मुलगा अजिनाथ घरून डबा घेऊन मोटारसायकलवर बीडला येत होता. मांजरसुंब्याच्या अलीकडं ट्रकनं उडवलं. फोन आला तेव्हा मी भिवराच्या खाटेशेजारी बसलो होतो. पलीकडचं नीट ऐकू येईना म्हणून मला मोठ्यानं विचारावं लागलं, कुठं झालं, श्वास चालू आहे का, अरे श्वास चालू आहे का. बाहेर जाऊन बोलावं हे सुचलं नाही. तशी गरजही नव्हती. डॉक्टर आदल्या दिवशीच म्हणाले होते की बोललेलं त्यांना समजत नाही. ती भिंतीकडं तोंड करून पडली होती.

तिला इतक्यात सांगू नका, रक्तदाब वाढेल, असं सगळ्यांचं मत पडलं. मग बायनाबाईनंच तोडगा काढला. अजिनाथ दरवर्षी ट्रॅक्टर घेऊन ऊसतोडीच्या टोळीबरोबर कर्नाटकातल्या कारखान्यावर जायचा. यंदा टोळी पुढं गेली होती आणि आईच्या आजारपणामुळं तो मागं थांबला होता. भिवराला सांगायचं की तो टोळीत गेला, तिकडं फोन लागत नाही. ट्रॅक्टर खरंच गेलाय. त्याचा मित्र मुंजाजी चालवतो. दारात ट्रॅक्टर दिसत नाही एवढाच आमचा आधार.

टोळी परत येण्याच्या आत भिवराला सांगायचं, असं ठरलं. कोणी सांगायचं हे कुणी बोललं नाही. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

या घरात बोलायची ती भिवरा. सोयरीक असो, भांडण असो, तीच बोलायची. सख्ख्या भावाला काही सांगायचं असलं तरी मी भिवराला सांगायचो आणि ती त्याला सांगायची. स्टँडवर लोक म्हणायचे, कंट्रोलरला लाऊडस्पीकर दिलाय म्हणून गाड्यांची नावं तरी कळतात, नाहीतर तेही कळलं नसतं.

७ डिसेंबर

अजिनाथला मूलबाळ नव्हतं, म्हणून त्याचं क्रियाकर्म मी केलं. डोक्यावरचे केस तेव्हाच काढले. दवाखान्यात भिवरासमोर टोपी कधी काढली नव्हती. आज तिला उठवून बसवताना टोपी खाली पडली. ती बघतच राहिली. मी म्हणालो, "तुझ्यासाठी नवस बोललो होतो. केस दिले."

तिनं डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि किती तरी वेळ फिरवला. डोळे भरून आले होते. ‘बग की’ म्हणाली, अगदी हळू.

मला बरं वाटलं. नवस तिच्यापर्यंत पोचला.

१६ डिसेंबर

अजिनाथचं ती काही विचारत नाही. सुरुवातीला मी फार धास्तावलो होतो. तिनं दाराकडं बोट केलं तर काय सांगायचं ते पाठ करून ठेवलं होतं. पण एकदाही केलं नाही. डोक्यातून तो पुसलाच गेला असेल. असं लिहिताना हात थांबतो, पण ते तिच्यासाठी बरंच आहे.

आज दुपारभर तिचं ‘बग की’ ऐकत बसलो. मांजर दुधाकडं गेलं तर वेगळं, मंगलनं वेणी ओढून घातली तर वेगळं. बायनाबाई खाटेशी बसून गावातल्या लग्नाचं सांगत होती. भिवरा मध्येच काही तरी फटकन म्हणाली.

"भावजी, ही मला शिव्या द्यायलीय का वो?"

"नाही. बग की म्हणाली."

"शबुद त्योच हाय, पन ह्या शिव्याच हायत. आयुष्यभर खाल्ल्यात म्या हिच्या, मला वळकू यायच्या न्हाईत व्हय!" आणि भिवराकडं वळून, "दे, अजून दे. लई दिवस झाले, कान किटलेत शांततेनं."

भिवराच्या तोंडाचा डावा कोपरा हसला.

दोन शब्दांत एवढं मावतं हे मला माहीत नव्हतं. मी इतकी वर्षं सगळे शब्द जवळ ठेवून होतो.

२८ डिसेंबर

काल बीडला नेऊन आणलं. तेजश्री मॅडमनी चमचा, चावी, कंगवा पुढं ठेवला. चावी कुठली, कंगवा कुठला, भिवरानं बरोबर हात लावला. पण नाव म्हणेना. मग मॅडम म्हणाल्या, "आजी, माझ्याबरोबर म्हणा. सोमवार..." आणि भिवरा म्हणाली, मंगळवार. बुधवार. रविवारपर्यंत गेली आणि पुन्हा सोमवारवर आली, गाडीला ब्रेक नसल्यासारखी. मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. लगेच विचारलं, आज वार कोणता? तर, बग की.

मॅडम म्हणाल्या, जे पाठ झालेलं असतं, जे चालीत असतं, ते मेंदूच्या दुसऱ्या वाटेनं बाहेर येतं. ती वाट शाबूत आहे. घरी आरती म्हणून बघा.

संध्याकाळी मंगलनं दिवा लावला आणि आरती सुरू केली. भिवराचे ओठ हलायला लागले. आधी नुसता आवाज, मग शब्द, मग कडवंच्या कडवं. मंगल थांबली तरी भिवरा पुढं म्हणत गेली. बायनाबाई दारात येऊन हात जोडून उभी राहिली, देवाला की भिवराला ते कळलं नाही. एका माणसाच्या आत एवढं भरलेलं असतं आणि बाहेरून दोन शब्द दिसतात.

निघताना मॅडम आणखी एक म्हणाल्या होत्या. "आजोबा, त्यांना सगळं समजतं असं धरूनच बोला." चमचा, कंगवा, जेवण, औषध यांचं मी तसं धरतो.

५ जानेवारी

भिवरा रोज सकाळी भाकरीचा पहिला तुकडा तोंडात न घालता खिडकीत ठेवते. कावळा येऊन नेतो. मग जेवते. पहिला घास गिळायला त्रास होतो का, हे मॅडमना विचारायचं आहे.

मंगल म्हणाली, "मामा, आत्या येड्या न्हाईत वो."

मी म्हणालो, वेडी कोण म्हणतंय. आणि उठून गोठ्याकडं गेलो.

१४ जानेवारी

संक्रांत. दरवर्षी भिवराच्या वाणाला अंगण बायकांनी भरायचं. यंदा बायनाबाई एकटीच तिळगूळ आणि कुंकवाचा करंडा घेऊन आली. तिनं भिवराला कुंकू लावलं. शेजारी मंगल उभी होती. आता मंगलला लावलं नाही तर भिवराला कळणार, आणि लावायचं तर बायनाबाईचा हात उठेना. ती फार पाळणारी आहे. करंडा हातात धरून नुसती उभी राहिली. मंगल जमिनीकडं बघत होती. काय करावं मला सुचेना, मी घड्याळाला चावी द्यायला लागलो.

तेवढ्यात भिवरानं डाव्या हातानं बायनाबाईच्या हातातला करंडा ओढून घेतला. मांडीवर ठेवला. मंगलला खूण करून खाली बसवलं, बोट कुंकवात बुडवलं आणि तिच्या कपाळावर लावलं. डाव्या हाताला सवय नाही, त्यामुळं कुंकू थोडं पसरलं. ते तिनं पदरानं नीट केलं. मग मंगलची हनुवटी धरून तिच्याकडं बघत राहिली. ‘बग की’ म्हणाली. हे ‘बग की’ मी कधी ऐकलं नव्हतं.

मंगल उठून आत पळाली. बायनाबाई पदर तोंडाला लावून घरी गेली.

मला हायसं वाटलं. भिवराला काही कळलेलं नाही, हे आज पक्कं झालं.

२ फेब्रुवारी

मंगलचे वडील शिवशंकर तलवाड्याहून आले. भिवराच्या खाटेशी बसून तब्येत विचारली, गोड बोलले. मग मला अंगणात नेलं.

"अन्ना, पोरीला धड रडू बी देईनात तुमी. नवरा गेला, अन् ती कपाळ रंगवून हिंडायलीय. दिवसभर दाखवायचं अन् मोरीत जाऊन तोंड धुवायचं. हे कावून? आन् किती दिवस?"

मी म्हणालो, "भिवराचा जीव..."

"तुमच्या मालकिनीचा जीव, अन् माज्या पोरीचा न्हाई का? मी तिला घिऊन जातो."

मंगल खिडकीतून म्हणाली, "दादा, म्या येनार न्हाई. आत्यांना कोन बघंल?"

शिवशंकर माझ्याकडं बघत राहिले. टोळी यायच्या आत भिवराला सांगतो, असा मी त्यांना शब्द दिला. नाही सांगितलं तर मंगलला तलवाड्याला पाठवायचं. ते चहा न घेता गेले.

त्यांचं म्हणणं खोटं नाही. माझ्या गप्प बसण्यापायी पोरगी सोसतेय.

२३ फेब्रुवारी

आज सांगायचंच म्हणून बसलो. मंगल विहिरीवर गेली होती. भिवराच्या समोर स्टूल घेतलं. तिनं टीव्ही बंद केला आणि माझ्याकडं तोंड केलं, जणू तिला माहीत होतं.

मी म्हणालो, "अजिनाथ." पुढं काही येईना. घशात नाही, त्याच्या आधीच कुठं तरी अडलं. मी पुन्हा म्हणालो, "अजिनाथ." मग तोंडातून जे आलं ते असं, की केज-अंबाजोगाई गाडीची वेळ बदलली आहे, सकाळची आता उशिरा सुटते.

तिनं ते पूर्ण ऐकून घेतलं. माझ्या गुडघ्यावर दोनदा थोपटलं. ‘बग की.’ लहान पोराला कविता आठवत नसली की म्हणावं तसं.

तिला रोज असंच होत असेल. आत सगळं तयार, आणि बाहेर भलतंच.

११ मार्च

मुकादम शहादेवचा फोन. कारखाना बंद झाला, टोळी उद्या दुपारपर्यंत पोचते. मी म्हणालो, ट्रॅक्टर दोन दिवस तुझ्याकडंच ठेव. आणि बायकांना आमच्याकडं पाठवू नको.

"अन्ना, ट्रॅक्टर ठिवतो. पन बायका माजं आयकत्यात व्हय? मयतीला न्हवत्या त्या. तुमच्याकडं भेटल्याबिगर घरचं पानी पेनार न्हाईत."

ही आमच्याकडची रीतच आहे. मयतीला जी बाई नसते ती परत आली की आधी त्या घरी जाते, घरच्या बाईच्या गळ्यात पडते आणि बोलून बोलून रडते. मगच स्वतःच्या घरी. रीत मोडा असं मी कुणाला सांगणार?

उद्या सकाळी सांगतो.

१२ मार्च

सकाळी सांगता आलं नाही. तिचा चहा, आंघोळ, औषध यात वेळ गेला. खरं म्हणजे मी वेळ घालवला. मग एकदाचा स्टुलावर बसलो तर बाहेर ट्रॅक्टरचा आवाज. आमच्याच ट्रॅक्टरचा. टोळी लवकर आली होती आणि बायकांनी मुंजाजीला आमच्याच दारात थांबायला लावलं होतं.

मी धावत बाहेर गेलो. ट्रॉलीतून बायका उतरत होत्या, भांडी, बोचकी तशीच सोडून. मी दोन्ही हात वर करून त्यांना थांबवायला गेलो. तोंडातून शब्द नाही. गाडी सुटल्यावर मागं धावणाऱ्या माणसासारखे नुसते हात. बायका थबकल्या. पण माझ्याकडं बघून नाही. त्या माझ्या मागं बघत होत्या.

भिवरा उंबऱ्यात उभी होती. डाव्या हातात काठी, जिच्या आधारानं ती महिनाभर घरातल्या घरात चालते. मंगल मागून धरायला आली होती. भिवरानं ट्रॅक्टरकडं बघितलं. सीटवर मुंजाजी होता. त्यानं मान खाली घातली. भिवरानं काठी टाकून दिली. मंगलला डाव्या हातानं ओढून तिच्या गळ्यात पडली आणि गळा काढला.

आधी आवाज. मग शब्द.

"डबा घिऊन निगालास रं माज्या अजिनाथाऽऽ, आईचा डबा रस्त्यात सांडला रंऽऽ..."

मी भिंतीला धरलं.

"बाप फोनवर इचारीत व्हता रंऽऽ, श्वास हाय का, श्वास हाय का... मी आयकत व्हते रं लेकराऽऽ, मला तोंड न्हवतं रंऽऽ..."

एकामागून एक. कुठं अडणं नाही, शोधणं नाही. चार महिन्यांत जो आवाज ऐकला नव्हता तो भिवराचा मूळचा आवाज, तिच्या सगळ्या शब्दांसकट.

"टोपीखाली बापानं डोकं झाकलं रंऽऽ, नवस म्हनला... म्या बी नवसच म्हनले रंऽऽ... माजी मंगल कुकू लावून कोंडली रंऽऽ, तिला रडायची चोरी केली रं आमीऽऽ..."

तेव्हा मंगल फुटली. इतके दिवस दाबून ठेवलेलं एकदम. तिनंही तीच चाल धरली. मग टोळीतल्या बायकांनी दोघींना मध्ये घेतलं आणि सगळ्या मिळून रडायला लागल्या. एक थांबली की दुसरी उचलायची. भिवरा थकली की शेजारून धावत आलेली बायनाबाई उचलायची आणि भिवराला पुन्हा वाट मिळायची.

आम्ही पुरुष अंगणाच्या कडेला उभे होतो. अशा वेळी आम्ही बायकांच्यात जात नाही. शहादेव मागून आला. त्याला भिवराचा आजार माहीत होता. कानामागं हात धरून ऐकत म्हणाला, "अन्ना, आत बोलतंय कोन?"

मी म्हणालो, "भिवरा."

"वैनी? त्यांचं तर बोलनं गेलतं नव्हं?"

मी त्याला हातानंच थांबवलं. ऐकायचं होतं.

१३ मार्च

काल रडणं संपलं, बायकांनी तोंडं धुतली, पाणी प्याल्या आणि गेल्या. मंगलनं विचारलं, "आत्या, पडता का?" भिवरा म्हणाली, ‘बग की.’ सगळे शब्द आले तसे गेले होते.

मी तिला म्हणालो, "तुला पहिल्यापासून माहीत होतं." तिनं मान हलवली. करंडा, कावळा, टोपी. इतके दिवस आम्ही तिच्यापासून लपवतो असं मला वाटत होतं, आणि ती आम्हाला सांभाळत होती. विशेषतः मला. तिच्याजवळ दोन शब्द होते, आणि तेवढ्यात तिनं घर चालवलं.

आज मंगलनं टिकली लावली नाही. मंगळसूत्र काढून भिवराच्या हातात दिलं. भिवरानं ते मुठीत धरलं आणि मंगलचं डोकं मांडीवर घेतलं. मंगल दुपारभर तशीच झोपली. शिवशंकरना फोन केला. म्हणालो, भिवराला समजलंय. मी सांगितलं असं म्हणालो नाही. मंगलनं तलवाड्याला यायचं की इथं राहायचं ते तिला ठरवू द्या, एवढं मात्र मी बोललो. ते म्हणाले, बरं.

१५ मार्च

तेजश्री मॅडमना फोनवर सगळं सांगितलं. भिवराचे शब्द त्यांनी मला पुन्हा सांगायला लावले. मग म्हणाल्या, "आजोबा, आरती पाठ असते. हे पाठ नव्हतं. हे त्यांनी स्वतः जुळवलंय. ती चाल सोडू नका. त्याच चालीत त्यांना पाणी मागायला सांगा, औषध मागायला सांगा."

मी म्हणालो, ती रडण्याची चाल आहे.

"असू दे. वाट तर आहे ना?"

बायनाबाईला सांगितलं तर ती खवळली. "अगं बया! चांगल्या घरात दिवसाढवळ्या रडून पानी मागायचं? लोक म्हनतील आजून कोन मेलं!"

१९ मार्च

चार दिवस काही झालं नाही. मंगल भिवराच्या गळ्यात हात टाकून हळूहळू झुलवायची, चाल धरायची आणि थांबायची. भिवरा नुसती हुंकार द्यायची.

आज सकाळी मंगलनं चहाचा कप तिच्या हातात दिला. भिवरानं एक घोट घेतला. तोंड वाकडं केलं. मग मान थोडी हलवली, डोळे मिटले आणि गळा काढला.

"च्यात साखर न्हाई गं माजे मंगलेऽऽ... असला च्या कुनी केला गं बाईऽऽ..."

बायनाबाई हातातलं सूप टाकून पलीकडून धावत आली. "काय झालं? कोन गेलं?"

"साखर," मी म्हणालो.

मंगल हसायला लागली. अजिनाथ गेल्यापासून पहिल्यांदा. हसताहसता रडली, आणि तसंच चालीत भिवराला उत्तर दिलं, "डाक्टरनं बंद केली वो आत्याऽऽ, साखर कुटून घालू वोऽऽ..."

बायनाबाई कपाळावर हात मारून म्हणाली, "ह्या घरात आता च्याला बी सुतक." पण गेली नाही. खाटेवर टेकली. तिलाही ऐकायचं होतं.

भिवरानं डोळे उघडून माझ्याकडं बघितलं. तिची अपेक्षा होती की मीही काही म्हणावं. साखरेचं, नाहीतर अजिनाथचं. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

मला ती चाल येत नाही. पुरुषांना ती कुणी शिकवत नाही. मंगलला म्हणालो आहे, उद्यापासून रोज थोडी थोडी मला शिकव.